विलायतेस जाणाऱ्या महाडकरांस चार शब्द

मुलगा वा मुलगी शिक्षणासाठी लंडनास गेली आणि मागाहून आईबापांनीही तिकडे एक फेरी केली, ही गोष्ट महाड-पोलादपूरच्या बाजारपेठेत आता नवलाची राहिलेली नाही. समुद्रोल्लंघन केले म्हणून प्रायश्चित्त घ्यावे की न घ्यावे, या वादात मोठमोठी माणसे ज्या काळी गुंतली होती, तो काळ सुदैवाने मागे पडला. परंतु जाऊन आलेल्या गृहस्थांस 'काय पाहिलेत?' असे विचारावे, तर राजवाडा, मोठे घड्याळ आणि मेणाचे पुतळे यांच्यापुढे गाडी सहसा सरकत नाही. आयुष्यभराच्या शिलकीतून लाखो रुपये खर्चून एवढेच पदरात पडणे हा व्यापाराच्या दृष्टीनेही तोट्याचाच सौदा होय. म्हणून निघण्यापूर्वी चार शब्द ऐकावेत, अशी आमची विनंती आहे.

प्रथम व्यवहाराच्या गोष्टी. पाहुण्यास मिळणारा साधा व्हिसा बहुधा सहा महिन्यांचा असतो. त्याचा अर्ज ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर स्वतः भरता येतो व बोटांचे ठसे मुंबईच्या केंद्रात देता येतात. 'व्हिसा हमखास मिळवून देतो' असे म्हणणारा मध्यस्थ भेटल्यास त्यास दुरूनच नमस्कार करावा, कारण निर्णय देणारा अधिकारी त्याच्या खिशात नसतो. अर्जास खोटा कागद जोडल्याचे उघडकीस आले, तर दहा वर्षे दार बंद होऊ शकते. हे आम्ही वकिलीच्या अनुभवाने मुद्दाम बजावतो. मे ते सप्टेंबर हा काळ जाण्यास चांगला. जूनमध्ये रात्री नऊनंतरही उजेड असतो. डिसेंबरात चार वाजताच दिवेलागण होते. तेथील बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत. बँकेचे कार्ड यंत्रास लावावे लागते. भुयारी रेल्वेत ते आत जाताना व बाहेर येताना अशा दोन्ही वेळा लावावे, आणि दिवसभर तेच कार्ड वापरावे, म्हणजे भाड्यास रोजची मर्यादा लागू होते. प्रत्येक माणसास निराळे कार्ड हवे. ब्रिटिश म्युझियमसारख्या मोठ्या संग्रहालयांच्या कायम दालनांस प्रवेशमूल्य नाही. नळाचे पाणी निर्धास्त प्यावे. तेथे बाटल्या विकत घेणे म्हणजे शब्दशः पैसे पाण्यात घालणे होय.

आता पाण्याचा विषय निघालाच आहे, तर आमची खरी सूचना सांगतो. महाडच्या माणसाने लंडन पाहावे ते पाण्याच्या मागावर. ज्या गावात तळ्याचे ओंजळभर पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, आणि ज्या गावात दर पावसाळ्यात सावित्रीकडे पाहून छाती धडधडते, त्या गावच्या प्रवाशास याहून जवळचा विषय दुसरा कोणता?

आरंभ किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरापासून करावा. चॉक फार्म स्थानकापासून ते पायी जाण्याजोगे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ साली येथे राहून अर्थशास्त्राचा व कायद्याचा अभ्यास करीत होते. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने हे घर विकत घेऊन तेथे स्मारक केले. पुढे पाचसहा वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, हाच विद्यार्थी बॅरिस्टर होऊन चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरला. त्यानंतर चाललेल्या दाव्याचा शेवट १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टात झाला, आणि अस्पृश्यांस वगळण्याची अनादि वहिवाट सिद्ध होत नाही, असा निर्णय मिळाला. पाणी पिण्यास एक दिवस लागला. तो हक्क कागदावर येण्यास दहा वर्षे लागली.

या घरापासून प्रिमरोझ हिलची टेकडी ओलांडून रीजंट्स पार्कात उतरावे. तेथील रुंद रस्त्यावर संगमरवर व ग्रॅनाइट यांची एक सुबक पाणपोई उभी आहे. ती १८६९ साली मुंबईचे दानशूर पारशी गृहस्थ सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी बांधून दिली. तिच्यामागील राजनिष्ठेची भावना आज आपणांस रुचणार नाही. तरी लंडनच्या वाटसरूची तहान मुंबईच्या पैशाने भागली, हे प्रत्येक हिंदी माणसाने ताठ मानेने पाहावे. शहरातील पहिली मोफत पाणपोई त्याआधी १८५९ साली, फौजदारी न्यायालयाशेजारच्या सेंट सेपल्कर चर्चच्या कुंपणात बसविली गेली. तिला साखळीने पेला बांधलेला असे, आणि येईल त्याने त्याच पेल्याने पाणी प्यावे अशी रीत होती. तेथे क्षणभर उभे राहून आपल्या गावच्या १९२७ सालाची आठवण करावी.

यावरून इंग्रज जन्मतःच शहाणे होते असे मात्र कोणी समजू नये. सोहो भागातील ब्रॉडविक स्ट्रीटवर एक पंप स्मारकादाखल ठेवला आहे. १८५४ साली याच जागच्या पंपाचे दूषित पाणी पिऊन दहा दिवसांत पाचशेंवर माणसे पटकीने दगावली. पटकी पाण्यातून पसरते, हे डॉ. जॉन स्नो यांनी घरोघर फिरून दाखविले, तेव्हा त्या पंपाचा दांडा काढण्यात आला. तरीही पुष्कळ दिवस शहाण्यासुरत्यांस त्यांचे म्हणणे पटले नाही. पुढे १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीची घाण पार्लमेंटाच्या खिडक्यांतून आत शिरली, तेव्हा थोड्याच आठवड्यांत कायदा झाला. बॅझलजेट या इंजिनियराने शहराखाली गटारे बांधली. १८७० साली खुला झालेला व्हिक्टोरिया एम्बँकमेंटचा धक्का हा त्याच कामाचा भाग आहे. या धक्क्यावर संध्याकाळी फिरावे. तेवढ्यानेही काम पुरे झाले नाही, म्हणून २५ किलोमीटरचा नवा बोगदा २०२५ साली पूर्णपणे जोडण्यात आला.

एक दिवस थेम्सच्या पूरबंधाऱ्यासाठी राखावा. पाँटून डॉक स्थानकाजवळच्या बागेतून तो उत्तम दिसतो. १९५३ च्या समुद्री पुरात इंग्लंडात तीनशेंवर माणसे बुडाली. त्यानंतर चौकशी, वाद आणि कायदा होऊन १९८२ साली हा बंधारा कामास लागला. म्हणजे तेथेही एकोणतीस वर्षे गेली; परंतु विषय मिटला नाही, आणि तो मिटू दिला गेला नाही.

लंडनबाहेर दोन ठिकाणे सुचवितो. रेल्वेने रेडिंगला उतरून तेथून गाडी करून स्टोक रो या खेड्यात जावे. घरातील शिल्लक पाणी प्यायला म्हणून तेथील मुलास मार बसल्याची हकीकत काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांनी ऐकली व त्या गावास स्वखर्चाने विहीर खोदून दिली. ३६८ फूट खोल अशी ही हाताने खणलेली विहीर १८६४ साली खुली झाली. तिच्यावरचा घुमट आजही शाबूत आहे. दुसरे ठिकाण ब्रायटन, लंडनहून रेल्वेने सुमारे तासाभराच्या अंतरावर. पहिल्या महायुद्धात तेथील राजवाड्यात जखमी हिंदी शिपायांचे इस्पितळ होते, आणि त्यात हिंदूंसाठी व मुसलमानांसाठी पाण्याचे नळ निराळे ठेविले होते. एकाच तोफखान्यासमोर उभे राहिलेल्यांस नळ मात्र दोन! गावाबाहेरच्या डोंगरावर, जेथे हिंदू व शीख शिपायांस अग्नी दिला गेला, तेथे १९२१ साली उभारलेली छत्री आहे. तेथपर्यंत चढून जाऊन नमस्कार केल्यावाचून परतू नये.

परत आल्यावर काय? २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरील जुना पूल वाहून गेला आणि त्याबरोबर एस.टी.चे उतारूही गेले. २२ जुलै २०२१ च्या पुराने बाजारपेठ बुडविली, तळियेवर दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यातही घरे गाडली गेली. अशा वेळी आपण चार दिवस हळहळतो, दुकानातील चिखल उपसतो, आणि पुढच्या पावसाची वाट पाहतो. नगरपरिषदेच्या सभेत नदीतील गाळाचे काय झाले, पुराची सूचना किती तास आधी मिळेल, हे विचारणारा व्यापारी विरळा. थेम्स पाहून आलेल्या गृहस्थाने निदान एवढे दोन प्रश्न लेखी विचारावेत व उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहावे. मग त्याचा प्रवासखर्च साऱ्या गावास फळला, असे आम्ही म्हणू.

आणखी एक. निघण्याच्या आदल्या दिवशी घरच्या मंडळींसह चवदार तळ्यावर जाऊन यावे. कित्येकांस त्याच्या पायऱ्या उतरून वर्षे लोटली असतील.