फेफरें येणारा कुत्रा व त्याची हिरव्या पाल्याची आवड

आपल्या मासिकांत गाय, बैल, शेळी यांच्या दुखण्यांविषयीं वेळोवेळीं लेख येतात. परंतु जो प्राणी रात्रभर आपल्या खळ्याची राखण करितो, त्या कुत्र्याच्या दुखण्याविषयीं कोणीं लिहिलेलें आमच्या पाहण्यांत नाहीं. आमचा जन्म महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेला. वैद्यकीशीं आमचा संबंध नाहीं. तथापि जें घडलें तें तारीखवार लिहून ठेवण्याची खोड जडल्यामुळें, त्या वहीच्या आधारें चार शब्द वाचकांपुढें ठेवीत आहों.

निफाड तालुक्यांतील आमच्या मळ्यांत सन २०२१ च्या पावसाळ्यांत एक तांबूस गांवठी पिलूं येऊन राहिलें. नाक खालीं घालून तें एका हद्दीच्या दगडापासून दुसऱ्यापर्यंत बांधाबांधानें चाले, म्हणून आम्हीं त्याचें नांव टिपण्या ठेविलें. मोजणीचीं टिपणें ज्यांनीं चाळलीं आहेत त्यांस याचें मर्म कळेल. त्याची एक चाल पहिल्यापासूनच निराळी होती. पहांटे दंव असतांना तो बांधावरील हरळीचे कोवळे शेंडे निवडून खाई. पुढें मेथी, काकडी व कोवळी भेंडी यांवर त्याची वासना गेली, आणि माघांत हरभऱ्याचे घाटेही तो ओरबाडूं लागला. पानांवरची आंब झोंबली म्हणजे नाक झाडी, शिंके, आणि पुन्हा तेथेंच तोंड घाली. घरांतील मंडळी त्यास माळकरी म्हणत. येथवर सारें कौतुकच होतें.

सन २०२३ च्या फेब्रुवारींत एके पहांटे तो गोठ्याच्या दारीं निजला असतां एकाएकीं ताठ झाला, कुशीवर पडून पाय झाडूं लागला, तोंडास फेंस आला. शेजारी धांवत आले. एकानें कांदा फोडून नाकाशीं धरला, दुसऱ्यानें वहाण आणली. जीभ घशांत जाईल या भीतीनें आमच्या सालगड्यानें त्याच्या जबड्यांत बोटें घातलीं, आणि दांत बसून रक्त आलें. दोन मिनिटांत अंग सैल पडलें. कुत्रा उठला, पण ओळख विसरलेला. गव्हाणीवर आपटे, गोल गोल फिरे. मग घटघटा पाणी प्याला आणि बांधावर जाऊन अधाशासारखें गवत खाऊं लागला.

तें पाहून गांवांत एकच बोलवा झाली कीं कुत्रा पिसाळला. हा तर्क अडाणीपणाचा नव्हता, हें सांगितलें पाहिजे. पिसाळलेला कुत्राही काड्या, गवत, माती असें भलतेंच चावतो, त्याच्याही तोंडास फेंस येतो, आणि येथें तर माणसाच्या हातास दांत लागले होते. सायंकाळीं चार-पांच असामी काठ्या घेऊन दारांत आले. त्यांतील वडील गृहस्थ म्हणाले, "तात्या, सालगड्यास दोन लेंकरें आहेत. कुत्रीं दुसरीं मिळतील." यावर आम्हांस उत्तर सुचेना. सालगड्याचा हात साबणानें पंधरा मिनिटें धुवून त्यास दवाखान्यांत नेलें होतें व लस सुरू झाली होती. तेवढ्या आधारावर आम्हीं दहा दिवसांची मुदत मागितली. चावतेवेळीं ज्या कुत्र्याच्या लाळेंत पिसाळाचा विषाणु असतो, तो दहा दिवसांच्या आंत मरतो, असें पशुवैद्य सांगतात. कुत्र्यास साखळीनें बांधावें व आमच्याशिवाय कोणीं त्याच्याजवळ जाऊं नये, असें ठरलें.

ते दहा दिवस कसे काढिले तें आम्हांसच ठाऊक. सहाव्या रात्रीं दुसरा झटका आला. तो आम्हीं कोणास सांगितला नाहीं, आणि सालगड्यापासून ही गोष्ट लपविली याची टोचणी आजही आहे. अकराव्या दिवशीं कुत्रा धडधाकट होता व साखळीच्या टप्प्यांतील हरळी त्यानें मुळापर्यंत साफ केली होती. लस मात्र सालगड्यानें पुरी घेतली, तो शहाणा.

पुढील झटक्याचें मोबाइलवर घेतलेलें चित्रण पाहून व रक्त तपासून पशुवैद्यांनीं हें फेफरें असल्याचें ठरविलें. दुसरें कारण सांपडत नाहीं असें फेफरें कुत्र्यांस बहुधा सहा महिने ते सहा वर्षे या वयांत सुरू होतें. झटक्यांत जीभ गिळली जात नाहीं. तोंडांत हात घालूं नये, जवळचीं अवजारें दूर करावीं, विहिरीच्या बाजूस आपण उभें राहावें व घड्याळ पाहावें. झटका पांच मिनिटांवर चालला, किंवा एका दिवसांत दोन आले, तर तत्काळ दवाखाना गांठावा. फेफऱ्याचा कुत्रा दोन झटक्यांच्या मधल्या काळांत पूर्ववत् असतो; पिसाळलेला दिवसेंदिवस खालावत जातो.

औषध फिनोबार्बिटोनचें मिळालें. माणसांच्या फेफऱ्यावर याचा उपयोग १९१२ पासून होत आला आहे. त्यानें झटके विरळ झाले, पण तहान व भूक विलक्षण वाढली. टिपण्यानें भुईमुगाच्या शेंगा उकरल्या, वांगीं खाल्लीं, एकदां अर्धें कलिंगड फस्त केलें. हें भुकेचें खाणें. हरळीचें पूर्वीचें खाणें निराळें.

गवताचा झटक्याशीं संबंध आहे काय, हें पाहण्यासाठीं आम्हीं वहींत रकाने आंखले: तारीख, वेळ, मिनिटें, आदल्या दिवशीं काय खाल्लें. सव्वा वर्षानें वही उलटली तेव्हां दिसलें कीं गवत तो जवळजवळ रोजच खातो. मग झटक्याच्या आदल्या दिवशींही खाल्लेलें असणारच. गवतानें झटका येतो किंवा थांबतो, यांपैकीं एकही म्हणणें वहीवरून सिद्ध होत नाहीं. पोट दुखलें म्हणजेच कुत्रा गवत खातो, हा समजही तितकासा खरा नव्हे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यांनीं दीड हजारांवर कुत्र्यांच्या मालकांस विचारून २००८ सालीं प्रसिद्ध केलें कीं, शेंकडा ६८ कुत्रीं रोज किंवा दर आठवड्यास वनस्पति खातात. खाण्यापूर्वीं आजारी दिसणारीं शेंकडा ८, आणि खाल्ल्यावर नेहमीं ओकणारीं २२. लांडग्यांच्या विष्ठेंतही गवत सांपडतें.

खरा धोका पाल्यावरच्या फवाऱ्याचा. कित्येक कीटकनाशकें मज्जातंतूंवर काम करितात व निरोगी कुत्र्यासही झटके आणितात. गोगलगायींसाठीं टाकितात त्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्याही तशाच. आम्हीं बांधावर तणनाशक मारणें बंद केलें, व बागेंत फवारणी असेल त्या दिवशीं त्यास बांधून ठेवितों. कण्हेर व एरंडीचें बी विषारी, हें सर्वांस ठाऊक आहे. कांदा-लसूण कुत्र्याचें रक्त नासवितात, आणि द्राक्षें व बेदाणे यांनीं त्याचीं मूत्रपिंडें निकामी होऊं शकतात. ही गोष्ट द्राक्षांच्या आमच्या मुलखांतच फारशी कोणास माहीत नाहीं. छाटणीच्या व तोडणीच्या दिवसांत पडलेले मणी गोळा करण्याचें काम त्यामुळें आमच्याकडे वाढलें.

२०२४ च्या मे महिन्यांत पुतणीच्या लग्नास गेलों असतां गोळ्या कोणाकडे सोंपवावयाच्या राहिल्या. तीन दिवसांचा खंड पडला. चौथ्या रात्रीं तीन झटके लागोपाठ आले. हें औषध एकाएकीं तोडल्यास झटके उसळतात, असें पशुवैद्यांनीं बजाविलें होतें, व वहीच्या पहिल्या पानावर तें आमच्याच अक्षरांत लिहिलेलें होतें. रात्रीं टेम्पोंत त्यास मांडीवर घेऊन बसला तो सालगडीच.

आतां सकाळ-संध्याकाळची गोळी भाकरीच्या तुकड्यांतून देण्याचें काम त्यानेंच आपणाकडे घेतलें आहे, आणि आमच्याकडे वही राहिली आहे. काकडीच्या वेलाभोंवतीं यंदा बोरीच्या फांट्या लाविल्या. त्या टिपण्यानें एका बाजूनें सरकविल्या आहेत.