ठिबकची गळती आणि इपॉक्सी पुट्टी: कुठे लावावी, कुठे लावू नये

डिसेंबर-जानेवारीत द्राक्षमणी फुगत असतात, तेव्हा पाण्यात खंड पडून चालत नाही. नेमक्या याच काळात हेडर किंवा फिल्टरजवळचा एखादा सांधा गळू लागतो. दुकानातून पुट्टीचे पाकीट आणून लावली जाते आणि दोन दिवसांत ती सुटून पडते. दोष बहुतेक वेळा मालाचा नसतो. पाइप कोणत्या पदार्थाचा आहे हे न पाहता पुट्टी लावलेली असते, किंवा ती घट्ट होण्याआधी मोटार चालू झालेली असते.

गळती किती आहे, आधी मोजा

गळतीखाली एक लिटरची बाटली धरावी. ती मिनिटात भरली, तर तासाला ६० लिटर पाणी वाया जाते. ताशी ४ लिटरच्या १५ ड्रीपरचे हे पाणी आहे. गळती व्हेंचुरीच्या पुढे असेल, तर त्यासोबत विद्राव्य खतही जाते. दाब कमी झाल्याचा फटका शेवटच्या ओळींना आधी बसतो.

पुट्टी कशी घट्ट होते?

पाकिटात रेझिन आणि हार्डनर असे दोन भाग असतात. ते एकत्र मळले की रासायनिक क्रिया होऊन पुट्टी कडक होते. ती वाळून नव्हे, तर या क्रियेने घट्ट होते. म्हणून काही प्रकार ओल्या जागी आणि पाण्याखालीही चालतात. समुद्री मत्स्यालयात प्रवाळाचे तुकडे खडकावर बसवण्यासाठी असलीच पुट्टी वापरतात. मात्र तिथे फक्त तुकडा जागेवर धरून ठेवायचा असतो. आपल्या पाइपात आतून पाण्याचा दाब असतो, त्यामुळे शेतात लावताना पृष्ठभाग शक्य तितका कोरडा हवा.

कुठे लावावी?

- जीआय पाइप, लोखंडी हेडर, बिडाच्या पंपाचे बारीक छिद्र किंवा चीर.
- सिमेंटच्या टाकीतून पाइप बाहेर येतो ती जागा.
- पीव्हीसी पाइपची लहान चीर, पण तात्पुरती. सवड मिळताच तेवढा तुकडा कापून कपलर व सॉल्व्हंट सिमेंटने जोडावा.

कुठे लावू नये?

- लॅटरल, एचडीपीई पाइप, प्लॅस्टिकची फवारणी टाकी. पॉलिथिनवर पुट्टी धरत नाही, शिवाय लॅटरल वाकते आणि कडक पुट्टी सुटते. लॅटरलला जॉइनर बसवावा.
- फिल्टरचे झाकण. तिथे बहुधा रबर खराब झालेले असते, ते बदलावे.
- एचटीपी फवारणी पंपाची दाबाची नळी. पुट्टी उडाली तर औषध अंगावर येते. नळीच बदलावी.

पाइप ओळखता येत नसेल, तर त्याचा लहान तुकडा पाण्यात टाकावा. पीव्हीसी बुडते, पॉलिथिन तरंगते.

खरेदी करताना

लोखंडासाठी धातूची पूड मिसळलेली पुट्टी घ्यावी. जागा पूर्ण कोरडी होणार नसेल, तर ओल्या पृष्ठभागासाठी असे लिहिलेली घ्यावी. वेष्टनावर मळल्यानंतर वापरायचा वेळ, पूर्ण घट्ट होण्याचा वेळ आणि वापराची मुदत पाहावी. पिण्याच्या पाण्याच्या टाकीसाठी तसा स्पष्ट उल्लेख असलेलीच पुट्टी वापरावी.

लावण्याची पद्धत

१. मोटार बंद करून स्टार्टर ऑटोवरून काढावा. फ्लश व्हॉल्व्ह उघडून लाइनमधील दाब व पाणी काढावे.

२. गंज, रंग, शेवाळ, खताचा थर पूर्ण काढावा. पॉलिश पेपरने जागा खरखरीत करून पुसून घ्यावी.

३. हातमोजे घालून वेष्टनावरील प्रमाणात दोन्ही भाग घ्यावेत. रंगाच्या रेषा जाऊन एकच रंग येईपर्यंत मळावे. लागेल तेवढीच मळावी.

४. आधी चिरेत दाबून भरावी. नंतर चिरेच्या सर्व बाजूंना दोन-तीन सेंटिमीटर पसरवून कडा दाबाव्यात.

५. पूर्ण घट्ट झाल्यावर कॉक थोडा उघडून कमी दाबाने पाणी सोडावे, मग पूर्ण दाब द्यावा. शेवटच्या लॅटरलचे ड्रीपर नीट चालतात का, हे पाहावे.

वीज आणि थंडी

शेतीची थ्री-फेज वीज पाळीने येते. संध्याकाळी पुट्टी लावली आणि रात्री ऑटोवर मोटार चालू झाली, तर सगळे काम वाया जाते. त्यामुळे पुट्टी पूर्ण घट्ट होण्याचा वेळ पुढच्या पाळीच्या आत बसतो का, हे आधी बघावे.

निफाड परिसरात थंडीत पारा १० अंशांखाली जातो. अशा वेळी पुट्टी घट्ट व्हायला बराच जास्त वेळ लागतो. काम दुपारी उन्हात करावे. उन्हाळ्यात उलट होते. मळलेली पुट्टी हातातच कडक होऊ लागते, म्हणून थोडी थोडी मळावी.

काळजी

न घट्ट झालेल्या पुट्टीमुळे त्वचेला ॲलर्जी होऊ शकते. हाताला लागल्यास साबण-पाण्याने धुवावे, पेट्रोल किंवा थिनर वापरू नये. उघड्यावरील जोडावर घट्ट झाल्यानंतर ऑइल पेंटचा हात द्यावा, म्हणजे उन्हाने पुट्टी लवकर खराब होत नाही.

तोच सांधा पुन्हा गळू लागला, तर त्यावर दुसरा थर देऊ नये. पाइपला आधार आहे का, मोटार सुरू होताना तो हलतो का, हे तपासावे. हलणाऱ्या सांध्यावर पुट्टी टिकत नाही. आधी पाइप पक्का करून मगच दुरुस्ती करावी.