पडद्यावरच्या लढाया (भाग ९) : बंद हुकूम

'पँझर जनरल' या संगणकावरच्या युद्धखेळावर आज लिहायचं ठरलं होतं. तो आणखी एक आठवडा थांबेल. साताऱ्याच्या एका वाचकांच्या पत्राने गेले चार दिवस मला दुसरं काही सुचू दिलेलं नाही. ते विचारतात : पट होता, सोंगट्या होत्या, फासे होते, सगळं मजेत चाललं होतं, मग एसएसआय ही युद्धखेळांची कंपनी काढणाऱ्या जोएल बिलिंग्जला १९७९ मध्ये संगणक कशाला हवा झाला?

जोडीदार सहज मिळत नाही, हे एक कारण. किचकट हिशेब यंत्रावर सोपवता येतो, हे दुसरं. माझ्या लेखी मात्र तिसरंच सगळ्यात मोठं आहे, आणि बंद हुकमाने मेंढीकोट खेळलेल्यांना ते लगेच पटेल. हुकमाचं ते एक पालथं पान सगळ्या डावाला धार आणतं. बुद्धिबळात असं पान नसतं, आणि युद्धाचे पट बुद्धिबळाच्याच घराण्यातले. शत्रूची पलटण टेकडीमागे दडलेली असते, पण सोंगटी तर समोर दिसते!

प्रशियाच्या राइसविट्झ या लष्करी अधिकाऱ्याने आपल्या युद्धखेळात १८२४ मध्येच यावर तोड काढली होती : मध्ये पंच बसवायचा. खरं चित्र पंचाला ठाऊक; दोन्ही सेनापतींना तो दिसेल तेवढंच सांगणार. सैन्यात हे जमतं. घरी रविवारच्या दुपारी स्वतः न खेळता तीन तास पंच होणारा मित्र कुठून आणायचा? म्हणून आरमारी खेळांत पडदा लावून, चौकोनांचे क्रमांक विचारून शोध घ्यायची पद्धत आली. पण त्यात मोठी गळती आहे. मी 'इथे कोणी आहे का?' असं विचारलं, की मी कुठे शोधतोय हे समोरच्याला कळलंच.

आता एसएसआयचा पहिला खेळ आठवा : १९८० चा, जॉन लायनने लिहिलेला 'कॉम्प्युटर बिस्मार्क'. ही निवड मला फार नेमकी वाटते. बिस्मार्क या जर्मन युद्धनौकेची मे १९४१ ची ती मोहीम म्हणजे अटलांटिकभर चाललेला लपंडाव. २४ तारखेला बिस्मार्कने 'हूड' हे ब्रिटिश जहाज बुडवलं. २५ च्या पहाटे पाठलागावरच्या 'सफोक' या ब्रिटिश जहाजाच्या रडारवरून ती निसटली. पण बिस्मार्कवरच्या ॲडमिरल ल्युट्येन्सला ते कळलंच नाही! आपण अजून शत्रूच्या नजरेत आहोत असं समजून त्याने लांबलचक बिनतारी संदेश पाठवला. तो ब्रिटिशांनी पकडला, त्याची दिशा नकाशावर चुकीची मांडली, आणि ब्रिटिश ॲडमिरल टोव्हीचं आरमार कित्येक तास भलतीकडे धावलं. अखेर २६ ला कॅटलिना विमानाला ती दिसली. संध्याकाळी पाणतीराने तिचं सुकाणू निकामी केलं आणि २७ ला सकाळी ती बुडाली.

दोन्ही बाजूंना अर्धंच माहीत, आणि तेही अर्धं चूक. हे पटावर मांडायला न थकणारा, न फुटणारा पंच लागतो. ॲपल टू हा संगणक तो पंच झाला. आतेभाऊ आणि मी अलीकडे हा खेळ एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, खेळलो. पडदा एकच असल्यामुळे माझी चाल असताना तो गॅलरीत जाऊन उभा राही. कडेच्या चार रेघांच्या चित्रांकडे माझं लक्षही नव्हतं. समुद्राच्या रिकाम्या चौकोनांकडे बघताना छातीत धडधडत होतं. शत्रू त्यातल्याच एकात होता.

एकट्याने खेळलं, तर ब्रिटिश बाजू आपली आणि जर्मनांच्या बाजूने खुद्द यंत्र. खेळात त्याचं नाव 'ओटो फॉन कॉम्प्युटर'. इथे खरा पेच सुरू होतो. पंच आणि प्रतिस्पर्धी एकच! पंच म्हणून यंत्राला दोन्ही हातांतली पानं ठाऊक असतात. खेळाडू म्हणून त्याने ती विसरायला हवीत. यंत्राला शहाणपण शिकवणं अवघड, हे सगळेच म्हणतात. प्रोग्रामरला त्याला अज्ञानही शिकवावं लागतं : कुठे बघायचं नाही, काय माहीत नसल्यासारखं वागायचं. युद्धखेळ लिहिणाऱ्याची खरी कसोटी मला इथे दिसते. सातारकरांना माझं उत्तर हेच : ते पालथं पान सांभाळायला कुणीतरी हवं होतं.

'पँझर जनरल' खेळलेल्यांना आठवत असेल, मोकळ्या वाटणाऱ्या रानात रणगाडा पुढे ढकलावा आणि न दिसलेल्या शत्रूवर तो अचानक आदळावा. त्या धक्क्याची मुळं १९८० च्या या समुद्रात आहेत. पुढच्या रविवारी तिथूनच सुरू करू.