एका कॉम्प्युटरवर तिघांची हजेरी

चेंबूरहून मानखुर्दकडे निघालं की व्ही. एन. पुरव मार्गावर देवनारला टाटा सामाजिक विज्ञान संस्था लागते आणि पुढे मानखुर्दला टीआयएफआरचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र. पिनकोडही दोघांचा एकच, ४०००८८. ऑलिम्पियाडमुळे केंद्राचं नाव अभ्यासू पोरांच्या घरात माहीत असतं. पण तिथल्याच ग्नॉलेज लॅबमध्ये, डॉ. नागार्जुन जी. यांच्या गटानं ऑनलाइन शिक्षणाचा एक अख्खा प्लॅटफॉर्म लिहून काढला, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. त्याचं नाव जीस्टुडिओ.

टाटा ट्रस्ट्स, शेजारची टाटा संस्था आणि अमेरिकेतली एमआयटी यांनी २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘क्लिक्स’ उपक्रमासाठी तो वापरला गेला. छत्तीसगड, मिझोरम, राजस्थान आणि तेलंगणमधल्या सरकारी शाळांत तो पोचला. (घडला मानखुर्दला आणि यादीत महाराष्ट्र नाही. असो.) उपक्रमाला पुढे युनेस्कोचा २०१७ सालचा पुरस्कारही मिळाला.

या ‘ऑनलाइन’ प्लॅटफॉर्मची पहिली गंमत म्हणजे त्याला इंटरनेट लागत नाही! शाळेच्या लॅबमधलाच एक कॉम्प्युटर सर्व्हर होतो. धडे, व्हिडिओ, खेळ, सगळं त्याच्या पोटात. पोरगं ब्राउझर उघडतं, पान समोर येतं आणि ते आलेलं असतं त्याच शाळेतून.

दुसरी गंमत मला जास्त भावते. जगातले बहुतेक प्लॅटफॉर्म ‘एक माणूस, एक स्क्रीन’ असं धरूनच चालतात. आपल्या शाळांत एका कॉम्प्युटरपुढे दोघं-तिघं एकमेकांना कोपरानं ढोसत बसलेली असतात. लॉगिन एकाचं, म्हणजे नोंद त्या एकट्याची; बाकीच्यांनी काही केलंच नाही असा अर्थ. जीस्टुडिओत यावर ‘बडी’ची सोय आहे. एकानं लॉगिन करायचं आणि शेजारच्यांना बडी म्हणून जोडून घ्यायचं, की त्या बैठकीतल्या कामात त्यांचाही वाटा धरला जातो. बाकावरची दाटी थेट कोडमध्ये उतरली.

कंपनीच्या मालकीच्या प्लॅटफॉर्ममध्ये हे होणार नाही का? होईल की, कंपनीच्या मनात आलं तर. तुम्ही फक्त विनंती करायची. जीस्टुडिओचा सोर्स कोड मात्र अफेरो जीपीएल या परवान्याखाली खुला आहे, आणि हा परवाना मोठा खमक्या. कुणी कोड बदलून नेटवर्कवरून लोकांना वापरायला दिला, तर बदललेला कोडही त्या वापरणाऱ्यांना मिळालाच पाहिजे. म्हणजे समोरचं पान कसं चालतं हे उघडून बघायचा हक्क नववीतल्या पोरीलाही!

शिक्षणाच्या ओपन सोर्स प्लॅटफॉर्ममधलं सर्वांत गाजलेलं नाव मूडलचं. त्याचा कर्ता मार्टिन डुगिअमास पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात वाढला. त्याची शाळा रेडिओवर भरायची, अभ्यासाचं सामान विमानानं यायचं. मोठेपणी पर्थच्या विद्यापीठात एका कंपनीचा प्लॅटफॉर्म सांभाळता सांभाळता त्यानं स्वतःचा लिहायला घेतला. पहिली आवृत्ती आली २००२ मध्ये. उलट एडमोडो बघा. जगभरच्या शिक्षकांचा लाडका, वापरायला फुकट, पण मालकी कंपनीची. २२ सप्टेंबर २०२२ ला कंपनीनं तो बंद केला आणि शिक्षकांना बिऱ्हाड हलवावं लागलं. मूडल तुमच्या सर्व्हरवर असेल, तर ऑस्ट्रेलियात काहीही होवो, तुमची प्रत चालूच राहते.

मग सगळ्यांनी ओपन सोर्सच घ्यावं? नाही. ते फुकट पडतं हा निव्वळ गैरसमज आहे. सर्व्हर लागतो, बॅकअप लागतो, अपडेट करावे लागतात आणि परीक्षेच्या आदल्या रात्री साइट झोपली तर तिला उठवणारा माणूस लागतो. चाळीस मुलांचा क्लास एकहाती चालवणाऱ्या सरांनी खुशाल गूगल क्लासरूम घ्यावं, तासाभरात वर्ग सुरू होतो. पण ज्या संस्थेच्या पाच-सात शाळा आहेत, वर्षानुवर्षांच्या प्रश्नपेढ्या आहेत, तिनं मूडलसारखं काहीतरी घेऊन एक तंत्रज्ञ पगारावर ठेवावा. माझं मत स्पष्ट आहे: त्या पगाराला खर्च म्हणू नये.

आणि ओपन सोर्स हे काही परकं प्रकरण नाही. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केल्यावर जे ‘दीक्षा’ उघडतं, ते सनबर्ड या ओपन सोर्स पायावरच उभं आहे.

तेव्हा तुमच्या शाळेत कुणी प्लॅटफॉर्म विकायला आलं, तर रंगीत डेमो बघण्याआधी पूर्ण बॅकअप मागा. मूडलमध्ये अख्खा कोर्स एका एमबीझेड फाइलमध्ये बांधून निघतो आणि दुसऱ्या सर्व्हरवरच्या मूडलमध्ये उघडतो. समोरच्याला तसं काही करून दाखवायला सांगा, तुमच्यादेखत. तो ‘पीडीएफ देऊ की’ म्हणाला, तर सही करू नका.