ज्यांची नेसण पाहून बायका साडी नेसायला शिकल्या, त्या बालगंधर्वांना सिनेमा का मानवला नाही?

पिंपळनेर असो की रावेर, खानदेशात बालगंधर्व हे नाव परकं नाही. जळगावात दरवर्षी त्यांच्या नावाने संगीत महोत्सव भरतो. कारणही तसंच आहे. नारायण श्रीपाद राजहंस या पोराने गाण्याचे पहिले धडे जळगावातच गिरवले, मेहबूब खाँ यांच्याकडे.

१९०५ मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत गेले आणि शकुंतला होऊन रंगमंचावर उभे राहिले. पुढे भामिनी, रुक्मिणी, सिंधू. तेव्हा घरंदाज बायका नाटकात काम करत नसत. आणि हा पुरुष असा काही नटायचा, की प्रेक्षकांतल्या बायका त्यांची नेसण, अंबाडा, गजरा बघून घरी तसंच करून पाहायच्या. १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली. शालू खरे, दागिने खरे, अत्तराचा घमघमाट. खर्चाला हिशोब नव्हता, त्यामुळे कर्जही तसंच वाढलं.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही बरं का. त्याच काळात अमेरिकेत ज्युलियन एल्टिंज हा नट बायकांच्या भूमिका करून एवढा गाजला, की १९१२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याच्या नावाचं थिएटर उभं राहिलं. १९१७ मध्ये तो सिनेमातही आला.

पण आपल्याकडे तोवर गणित बदललं. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती कोण होतं? अण्णा साळुंके, म्हणजे पुरुषच. १९३२ मध्ये प्रभातने ‘अयोध्येचा राजा’ काढला, तेव्हा तीच तारामती झाल्या दुर्गा खोटे. एकोणीस वर्षांत पडद्यावर साडी नेसणाऱ्या पुरुषाची गरज संपली होती.

त्यामुळे प्रभातने बालगंधर्वांना घेतलं ते पुरुषाच्या भूमिकेत. व्ही. शांताराम यांचा १९३५ चा ‘धर्मात्मा’, भूमिका संत एकनाथांची. सिनेमाचं आधीचं नाव होतं ‘महात्मा’. त्यातून गांधीजी आठवतात म्हणून सेन्सॉरने हरकत घेतली आणि नाव बदलावं लागलं.

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं, हे सोपं नव्हतं. नाटकात प्रेक्षक दूर असतो. रंग, दिवे आणि गाणं यांच्या जोरावर पन्नाशीकडे झुकलेला माणूसही तरुण रुक्मिणी वाटतो. कॅमेरा मात्र थेट चेहऱ्याजवळ येतो. त्यात गाण्याची अडचण. बालगंधर्वांचं पद रंगायचं ते समोरून ‘वन्स मोअर’ आल्यावर, प्रत्येक वेळी नव्या जागा घेत. स्टुडिओत वन्स मोअर कोण देणार? तिथे गाणं ठरलेल्या मिनिटांत संपवायचं.

प्रभातशी जमलेलं ‘धर्मात्मा’नंतर पुढे सरकलं नाही. १९३७ मध्ये बाबूराव पेंटरांच्या ‘साध्वी मीराबाई’त ते परत स्त्रीवेषात दिसले, पण रंगमंचावर जे लोकांना खरं वाटायचं, ते पडद्यावर पटेना.

मग ते नाटकाकडेच परतले. १९६४ मध्ये पद्मभूषण मिळालं, १५ जुलै १९६७ ला ते गेले. पण त्याआधी, साठी उलटल्यावरसुद्धा, ते शालू नेसून सिंधूच्या भूमिकेत उभे राहायचे आणि लोक तिकीट काढून त्यांचं गाणं ऐकायला यायचे.