प्लॅन शंभरचा, स्पीड तीसचा: फोनला ५ गिगाहर्ट्झवर कसं आणायचं?

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ नाही, किंवा हातात फोन घेऊन सेटिंग बघत बघत वाचायचंय, त्यांच्यासाठी हा लिहून काढलेला भाग. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' तेवढे गाळलेत.

परभणी, सेलू, जिंतूर, मानवत, सगळीकडून एकाच टाइपचा प्रश्न येतो. "दादा, घरी फायबर घेतलं. प्लॅन १०० एमबीपीएसचा. पण फोनवर टेस्ट केली की ३०-३५ च्या वर जात नाही. कंपनीवाला म्हणतो लाइन ओके आहे. मोठा प्लॅन घेऊ का?"

थांबा. आधी पैसे घालू नका. बऱ्याचदा कंपनीवाला खरंच बोलत असतो. लाइन राउटरपर्यंत बरोबर येते, आणि राउटर ते फोन या शेवटच्या दहा फुटांत स्पीड गळतो. तिथं २०० चा प्लॅन घेतला तरी ३५ च येणार.

दोन बँड म्हणजे काय?

वाय-फाय रेडिओच आहे. आजकालचे बरेच राउटर दोन फ्रिक्वेन्सीवर बोलतात: २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. म्हणून त्यांना ड्युअल बँड म्हणायचं. एक गोष्ट आत्ताच क्लिअर करू. राउटरच्या नावापुढं '५जी' लिहिलेलं असतं त्याचा मोबाइलच्या ५जी शी काही संबंध नाही. तुमचा फोन ४जी असला तरी तो ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय पकडू शकतो.

आता फरक बघा. आपल्याकडं २.४ च्या बँडमध्ये एकूण जागा आहे ८३.५ मेगाहर्ट्झ. त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच बसतात: १, ६ आणि ११. वसमत रोडवरची एखादी कॉलनी घ्या. वीस घरं, वीस राउटर, आणि सगळे या तीन चॅनेलवर. त्यात ब्लूटूथ इयरफोन तिथंच, मायक्रोवेव्ह ओव्हन तिथंच. आठवडी बाजारात गल्लीतून ट्रॅक्टर काढायचा प्रकार.

५ गिगाहर्ट्झमध्ये मात्र जागाच जागा. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्राच्या दूरसंचार विभागानं अधिसूचना काढून या बँडमधले चार तुकडे परवानामुक्त केले. मिळून ६०५ मेगाहर्ट्झ. म्हणजे २.४ च्या सातपट. ती जागा तुमच्या घरात फुकट पडून आहे, फक्त फोन तिकडं जात नाहीये.

आकड्यांत बघू

साधा फोन २.४ वर, २० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर, एका अँटेनानं जोडला की लिंक स्पीड जास्तीत जास्त ७२ एमबीपीएस दिसतो. हा झाला कागदावरचा आकडा. हातात त्याच्या साधारण निम्मा पडतो. आता कळलं ३५ कुठून आला?

तोच फोन ५ गिगाहर्ट्झवर, ८० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर, एकाच अँटेनानं ४३३ ला जोडतो. दोन अँटेना असतील तर ८६६ ला. त्याच्या निम्मं धरलं तरी १०० चा प्लॅन आरामात निघतो.

मग फोन स्वतःहून का जात नाही?

हा या एपिसोडचा मेन मुद्दा. वाय-फायमध्ये कुठं जोडायचं हे राउटर ठरवत नाही, फोन ठरवतो. राउटर फार तर विनंती करू शकतो. काही राउटर २.४ वर मुद्दाम उशिरा उत्तर देतात, म्हणजे फोन कंटाळून ५ वर जाईल. याला बँड स्टीअरिंग म्हणतात. काही राउटरवर हेच 'स्मार्ट कनेक्ट' नावानं असतं. पण फोननं ऐकलंच पाहिजे असं नाही.

आणि फोन आळशी असतात. एकदा जोडला की सिग्नल बराच पडेपर्यंत तो दुसरीकडं बघतच नाही. आयफोनचं उदाहरण घ्या. ॲपलनंच लिहून ठेवलंय की सिग्नल उणे ७० डीबीएमच्या खाली गेल्यावर तो दुसरा पर्याय शोधायला लागतो. तुम्ही गाडी लावून अंगणातून आत येता. अंगणात २.४ आधी मिळतं, कारण ते लांब पोचतं. फोन तिथंच चिकटतो. राउटरशेजारी येऊन बसलात तरी २.४ चा सिग्नल चांगलाच असतो, मग तो कशाला बदलेल?

भिंतींचा हिशोब

५ गिगाहर्ट्झची लाट आखूड असते, साधारण साडेपाच सेंटिमीटर. २.४ ची साडेबारा. वरची फ्रिक्वेन्सी भिंतीत जास्त अडकते. आपल्याकडं हा मुद्दा पुण्याच्या फ्लॅटपेक्षा मोठा आहे. गंगाखेड, पाथरी, सोनपेठच्या जुन्या भागात माळवदाची घरं आहेत. दोन-दोन फुटांच्या माती-दगडाच्या भिंती. उन्हाळ्यात थंडावा मस्त, पण ५ गिगाहर्ट्झ तिथं एका भिंतीतच दम सोडतं. पत्र्याचं तर विचारूच नका, धातूवरून सिग्नल सरळ परत फिरतो.

म्हणून नियम सोपा ठेवा. राउटर आणि तुमच्यामध्ये मोकळी जागा किंवा एक साधी विटांची भिंत असेल तर ५. दोन-तीन भिंती किंवा माळवद असेल तर २.४, नाहीतर सरळ वायर.

आता कामाला लागा

एक. राउटर ड्युअल बँड आहे का बघा. मागच्या स्टिकरवर 'एसी १२००' किंवा 'एएक्स' असं काही असेल तर आहे. 'एन ३००' असेल तर नाही. मग सेटिंगमध्ये डोकं घालू नका, राउटरच बदलावा लागेल. कंपनीनं फुकट दिलेला मोडेम बऱ्याचदा सिंगल बँड असतो, म्हणून कनेक्शन घेतानाच विचारा.

दोन. फोन आत्ता कुठं आहे ते बघा. अँड्रॉइडमध्ये वाय-फाय सेटिंगमध्ये जोडलेल्या नावावर टॅप करा. बहुतेक फोनवर फ्रिक्वेन्सी आणि लिंक स्पीड दिसतो. ७२ किंवा १४४ दिसलं तर जवळपास नक्की २.४. आयफोनवर हे दिसत नसेल तर राउटरच्या पेजवर जोडलेल्या डिव्हाइसची यादी बघा.

तीन. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाकून राउटरचं पेज उघडा. बरोबर पत्ता आणि पासवर्ड स्टिकरवर असतो. स्मार्ट कनेक्ट बंद करा आणि दोन बँडना दोन नावं द्या. समजा 'वाडा' आणि 'वाडा ५'.

चार. हे लोक विसरतात. फोनमधून जुनं 'वाडा' नेटवर्क फर्गेट करा, आणि फक्त 'वाडा ५' ला जोडा. दोन्ही सेव्ह राहिली तर फोन संधी मिळताच परत २.४ वर जाऊन बसतो.

पाच. ५ चं नावच दिसत नसेल तर राउटरमध्ये चॅनेल ऑटोवरून काढून ३६ ते ४८ पैकी एक ठेवा. मधल्या ५२ ते १४४ चॅनेलवर रडारही चालतात, त्यामुळं राउटरला आधी मिनिटभर कानोसा घ्यावा लागतो आणि रडार ऐकू आलं तर चॅनेल सोडावा लागतो. काही फोनना ते चॅनेल दिसतही नाहीत.

सहा. विंडोज लॅपटॉप असेल तर डिव्हाइस मॅनेजर, नेटवर्क अडॅप्टर, वाय-फाय कार्ड, प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड. बऱ्याच कार्डांत 'प्रिफर्ड बँड' असतं, तिथं ५ गिगाहर्ट्झ निवडा. मग नावं वेगळी करायची गरजही पडत नाही.

२.४ ला हाकलू नका

सीसीटीव्ही कॅमेरा, स्मार्ट बल्ब, जुना प्रिंटर, यातले बरेच फक्त २.४ वर चालतात. २.४ पूर्ण बंद केलं तर कॅमेरा मुकाट बंद पडेल आणि तुम्हाला कळणार पण नाही. त्यांना 'वाडा' वर राहू द्या. गर्दी कमी झाली की त्यांचंही बरं चालतं.

मागच्या खोलीत ५ पोचतच नसेल तर तिथपर्यंत लॅन केबल ओढा आणि दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर लावा. रिपीटरपेक्षा हे बरं, कारण साधा रिपीटर तेच सिग्नल ऐकून परत बोलतो आणि त्यात निम्मा स्पीड जातो.

एवढा खटाटोप कशाला?

कारण आपल्याकडं नेट आता रील्सपुरतं राहिलेलं नाही. घरून ऑनलाइन टेस्ट देणारी पोरं आहेत, लाइव्ह लेक्चर बघणारे आहेत. पुण्यात खोलीचं भाडं भरण्यापेक्षा परभणीत बसून काम करू, असं म्हणणारे आहेत. मीटिंगमध्ये तिसऱ्यांदा आवाज तुटला की "गावाकडं नेट चालत नाही" असा शिक्का बसतो, आणि घरून काम करायची परवानगी त्यावर जाऊ शकते. त्यात गावाचा दोष नसतो, बँडचा असतो.

तर आज रात्री एवढंच करा. राउटरसमोर उभं राहून आधी 'वाडा' वर आणि मग 'वाडा ५' वर स्पीड टेस्ट घ्या. ५ वर पूर्ण प्लॅन मिळाला तर मोठ्या प्लॅनचे पैसे वाचले. राउटर ड्युअल बँड असून दोन्हीकडं सारखाच कमी आला, तर केबलनं लॅपटॉप जोडून तिसरी टेस्ट घ्या. तिथंही कमी आला तर बिनधास्त कंपनीला फोन लावा. आता तुमच्या हातात पुरावा आहे.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत राउटर लोखंडी कपाटामागून बाहेर काढा, बरं का!