एका मिलिमीटरचे चारशे किलोमीटर

बँकेच्या नोकरीत माणूस महाराष्ट्राचा नकाशा बदल्यांच्या हुकमांतून शिकतो. माझ्या वाट्याला आधी नंदुरबार आले आणि काही वर्षांनी कोल्हापूर. एकीकडे वाळत घातलेल्या मिरचीचा ठसका, दुसरीकडे गुऱ्हाळाचा वास. या दोन गावांत सारखे असे काही असेल, हे मनातही आले नव्हते. पण नकाशावर उभी पट्टी ठेवून पाहा. कोल्हापूर जवळजवळ थेट नंदुरबारच्या खाली येते. दोघांचेही रेखांश ७४ अंशांच्या थोडे पुढे. म्हणजे दोन्ही गावांत सूर्य एकाच वेळी माथ्यावर येतो, आणि काठीच्या सावलीवरून पृथ्वी मोजायची तर अशीच जोडी लागते.

ही युक्ती जुनी आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या प्रसिद्ध ग्रंथालयाचा प्रमुख असलेल्या एरॅटोस्थेनिसची. दक्षिणेकडच्या सायीनी गावात, म्हणजे आजच्या आस्वानमध्ये, वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी भर दुपारी विहिरीच्या तळापर्यंत ऊन पोचते, असे सांगत. त्याच वेळी अलेक्झांड्रियात मात्र सावली पडते. तो कोन त्याने मोजला. वर्तुळाचा पन्नासावा भाग भरला, म्हणजे ७.२ अंश. सूर्य इतका दूर आहे की त्याचे किरण समांतरच येतात. तेव्हा हा फरक पडतो तो जमिनीच्या बाकामुळे. दोन गावांमधले अंतर ५००० स्टेडिया धरले, त्याला पन्नासने गुणले. अडीच लाख स्टेडिया. झाली पृथ्वी मोजून!

पुढे हाच आकडा २ लाख ५२ हजार असा येतो. साठाने नि:शेष भाग जावा, हिशेबाला सोपे पडावे म्हणून तो वाढवला असावा, असे मानले जाते. माझ्यातला बँकवाला इथे थबकतो. त्यात भर म्हणजे त्याचा स्टेडिया नेमका किती लांबीचा, यावर अजून एकमत नाही, आणि त्याचा मूळ ग्रंथही उरलेला नाही. त्यामुळे त्याचे उत्तर अगदी बिनचूक होते असे जे छातीठोकपणे सांगितले जाते, ते मी जरा हात राखूनच घेतो. शिवाय आस्वान अलेक्झांड्रियाच्या बरोबर खाली नाही, चांगले तीन अंश पूर्वेला आहे. आमची जोडी त्याच्यापेक्षा सरस!

माझी नात कोल्हापुरात नववीत होती. नंदुरबारला माझ्या जुन्या शाखेतल्या सहकाऱ्याची सून शाळेत विज्ञान शिकवते. फोन झाले आणि २० मार्च २०२५ हा दिवस ठरला. दोन्हीकडे एक मीटरची काठी, खाली पांढरा कागद. आपल्या घड्याळातले बारा म्हणजे सूर्याचे बारा नव्हेत. त्या दिवशी या दोन गावांत सूर्याची दुपार बारा चाळीसच्या सुमारास होती. म्हणून मुलांनी सव्वाबारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण केली आणि सर्वांत आखूड सावली घेतली. हे बोलायला सोपे. सूर्य हा ठिपका नसून तबकडी आहे, त्यामुळे मीटरभर काठीच्या सावलीचे टोक सेंटिमीटरभर तरी धूसर होते. नेमके कुठे टोक मानायचे, यावर गच्चीत चांगलीच खडाजंगी झाली.

संध्याकाळी आकडे आले. नंदुरबार ३९.२ सेंटिमीटर, कोल्हापूर ३०.५. कोनांतला फरक ४.४४ अंश. सरळ अंतर सुमारे ५२० किलोमीटर. त्रैराशिक मांडले तर पृथ्वीचा घेर ४२ हजार १०० किलोमीटर. पुस्तकात ४० हजार.

मुलांचे चेहरे पडले. तेवढ्यात एका हुशार मुलाने कॅल्क्युलेटरवर करून पाहिले, की कोल्हापूरची सावली ३०.५ ऐवजी नुसती ३० लिहिली तर उत्तर ३९ हजार ८०० येते. ‘‘आजोबा, अर्धाच सेंटिमीटर आहे. टोक तसेही पुसटच होते की!’’

अर्धाच! या हिशेबात काठीच्या सावलीतला एक मिलिमीटर म्हणजे पृथ्वीच्या घेरात चारशेहून अधिक किलोमीटर. संगणक नव्हते तेव्हा आमच्याकडे लेजरची बेरीज जुळेना की रात्री नऊ-नऊ वाजत. फरक कधी अवघा नऊ रुपयांचा असे. कुणीतरी खिशातून नऊ रुपये काढून देऊ करी. मुरलेले हेडकॅशियर ते घेत नसत. नऊ रुपयांचा फरक म्हणजे कुठेतरी ४५ चे ५४ झालेले असणार. तो आकडा सापडेपर्यंत कोणी घरी जायचे नाही. मी हे मुलांना सांगणार, तोच नात म्हणाली, ‘‘३० लिहिले तर नंदुरबारच्या मुलांनी उन्हात उभे राहून उपयोग काय? उत्तर पुस्तकातूनच उतरवून घेऊ या की.’’ मी गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या बांधकामावरच्या गवंड्याकडून ओळंबा आणला. काठीचे वरचे टोक उत्तरेला अर्धा सेंटिमीटर कललेले! काठी सरळ केली, पुन्हा मोजमाप. सावली २९.४. पण ती कालच्या नंदुरबारच्या आकड्याशी लावून चालेना, कारण मार्चच्या त्या दिवसांत सूर्य रोज जवळजवळ ०.४ अंश उत्तरेला सरकतो. नंदुरबारच्या बाईंनी सांगावे न लागता दुसऱ्या दिवशीही मोजून ठेवले होते, ३८.४. उत्तर आले ४० हजार ५००. मुलांनी वहीत दोन्ही दिवसांचे आकडे लिहिले, पहिल्या दिवसापुढे ‘काठी कललेली’ असा शेरा मारून.

एका मुलीची शंका मात्र मला अजून सोडत नाही. ५२० किलोमीटर आपण नकाशावरून घेतले, पण नकाशा काढणाऱ्याला पृथ्वीचे माप आधीच ठाऊक होते ना? अगदी खरे. ते अंतर कोणीतरी जमिनीवर मोजलेले असावे लागते. आपल्याकडे १८०२ साली मद्रासजवळ विल्यम लॅम्टनने साखळीने पायारेषा मोजली आणि त्रिकोणांवर त्रिकोण रचत तो उत्तरेकडे निघाला. वीस वर्षांनंतरही काम संपले नव्हते. १८२३ साली तो वारला तो आपल्या हिंगणघाटला, मोजणीच्या वाटेवर. त्याच्या कितीतरी आधी, ११५० च्या सिद्धान्तशिरोमणीत भास्कराचार्यांनी हेच त्रैराशिक मांडून ठेवले आहे: एकाच उभ्या रेषेवरची दोन गावे, त्यांच्या अक्षांशांतला फरक आणि मधले अंतर. परिघ त्यांनी दिला ४९६७ योजने. योजन नेमके किती, हा वाद इथेही आहेच.

मेमध्ये शाळेला सुटी होती. पण ६ मे रोजी दुपारी साडेबाराच्या सुमारास कोल्हापुरात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. म्हणजे त्या दिवशी कोल्हापूरच सायीनी आणि नंदुरबार अलेक्झांड्रिया! नात आणि तिच्या दोन मैत्रिणी गच्चीत ओळंबा लावून बसल्या. सावली नाहीच. पाच मिनिटांत नंदुरबारहून निरोप आला: ८.३ सेंटिमीटर, काठी तपासली आहे.